खांद्यावरची बोटं

लीलावतीबाईंना आयर्लंडमधलं एकही माणूस पसंत पडलेलं नव्हतं, आणि मुलाने फोटो काढायला बोलावलेला हाकोन तर आयर्लंडमधलाही नव्हता. नॉर्वेचा होता. म्हणजे नाक मुरडायला आणखी एक देश मिळाला.

बाई कराडच्या शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. मुलगा उल्हास आयर्लंडात टॅला गावच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. ओंगारला त्याचं घर, तिथे बाई उन्हाळ्यापुरत्या आल्या होत्या. आईला पंच्याहत्तर पूर्ण झाली म्हणून सगळ्यांचा मिळून एक हसरा फोटो काढायचा घाट त्याने घातला होता. बाईंचा बेत वेगळा होता. त्यांना भिंतीवरचा फोटो हवा होता. एकटीचा, ताठ बसलेला, न हसणारा. हार घालायची वेळ येईल तेव्हा मागे राहिलेल्यांची शोधाशोध नको.

ती शोधाशोध त्यांनी एकदा पाहिली होती. नवरा ध्यानीमनी नसताना गेला तेव्हा घरात त्याचा एकट्याचा फोटो सापडेना. थोरल्या दिरांनी, सुभाषरावांनी, आपल्या मुलीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून त्याला कात्रीने कापून आणला आणि मोठा करून घेतला. कापला तोही गबाळाच. नवऱ्याच्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं तशीच राहिली. कुणाची तरी कशाला, सुभाषरावांचीच; मागच्या रांगेत तेच तर मिरवत होते. तेराव्याला 'मी आहे ना' म्हणून गेलेल्या त्या माणसाने पुन्हा उंबरा म्हणून ओलांडला नाही. बोटं मात्र हाराखाली ठाण मांडून बसली. रोज सकाळी फोटो पुसताना बाई त्या बोटांना ऐकवायच्या, "खांद्यावर हात ठेवायला पुढे, आणि वेळेला कुठे होतास?" मग चहा.

आपल्या फोटोचा विषय त्यांनी काढला की उल्हास "अभद्र बोलू नकोस, आई" म्हणून उठून जायचा. दिवसभर माणसांना भूल देतो आणि आईने मरणाचं नाव काढलं की पळतो, असला डॉक्टर.

हाकोन उशिराच आला. दारात बूट काढले तर मोज्यातून अंगठा बाहेर. दिवे मांडता मांडता त्याने न विचारताच स्वतःचं चरित्र सांगायला घेतलं. व्याकरणाच्या चुका बाईंनी मनातल्या मनात लाल शाईने खुणावल्या. बाप उत्तरेकडच्या कुठल्याशा बेटावर मासे वाळवायचा. पोराला त्या वासाचा कंटाळा, म्हणून हा एका आयरिश नर्सच्या मागे इथे आला. ती वर्षभरात कंटाळली, हा राहिला. बांधकामं जोरात होती तेव्हा ओंगारच्या घरांमध्ये स्वयंपाकघरातली कपाटं बसवायचा. पूर्णिमा, म्हणजे सून, कौतुकाने म्हणाली, "आई, आपले किचनचे प्रेससुद्धा यांनीच बसवलेत." कपाटाला प्रेस म्हणणारी सून आणि दार न लागणारं कपाट बसवणारा सुतार, दोघांची नोंद बाईंनी घेतली. पुढे मंदी आली, बांधकामं थांबली, आणि याने कॅमेरा उचलला. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी.

बाई खुर्चीत बसल्या. हाकोन म्हणाला, हसा. बाईंनी शाळेतल्या इंग्रजीत त्याला फोटो कशासाठी हवा ते स्वच्छ सांगितलं. उल्हास लगेच खिडकीपाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला.

हाकोनला मात्र काहीच वाटलं नाही. तो म्हणाला, माझा अर्धा धंदा त्याचाच आहे. इथे माणूस गेलं की महिन्याने त्याच्या फोटोचं छोटं कार्ड छापून घरोघर वाटतात. आणि फोटो धड कुणाकडेच नसतो. लग्नातल्या घोळक्यातून मेलेला माणूस कापून आणतात. बियरचा ग्लास, दुसऱ्याचा हात, सगळं मी पुसतो.

मेलेल्यांवर जगतो मेला, असं बाईंच्या मनात आलं. पण त्यांनी पूर्णिमाला आपली बॅग आणायला सांगितली. टॉवेलात गुंडाळलेला नवऱ्याचा फोटो त्या परदेशातही बरोबर घेऊन आल्या होत्या. हाकोनने त्याचा फोटो काढून लॅपटॉपवर मोठा केला आणि विचारलं, हात कुणाचा?

बाई म्हणाल्या, तुम्हाला काय करायचंय, पुसा. पण तो अडून बसला. पहिल्या वर्षी त्याने लिमरिकच्या एका शेतकऱ्याच्या कमरेवरचा हात न विचारता पुसला होता. हात बायकोचाच निघाला. त्या बाईने कार्डांचा गठ्ठा त्याच्या अंगावर फेकला. तेव्हापासून तो विचारल्याशिवाय पुसत नाही.

"सुतार तो सुतारच," बाई मराठीत पुटपुटल्या, "आधी कापणार, मग मोजणार." मग इंग्रजीत म्हणाल्या, "हात माझ्या दिरांचा आहे. पुसून टाका."

"नको," उल्हास खिडकीपाशी उभ्या उभ्याच हाकोनला म्हणाला. मग आईकडे वळला. "ती बोटं माझी आहेत."

बाईंनी चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं. करंगळी वाकडी होती. नववीत क्रिकेट खेळताना मोडलेली, हाडवैद्याने वाकडीच बसवलेली. तीस वर्षं रोज पुसलेल्या काचेखाली ती करंगळी होती आणि त्यांनी एकदाही नीट पाहिलं नव्हतं. तिरस्काराला पाहायची गरजच पडली नव्हती.

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटायचं, तुला माहीत आहे. बाबा पडले तेव्हा मी मैदानावर होतो. संध्याकाळपर्यंत सापडलो नाही. रोज सकाळी तू त्या बोटांना तेच विचारायचीस."

हाकोनला मराठी येत नव्हती, तरी त्याने लॅपटॉपवरचा हात काढून घेतला. बाईंना स्वतःची लाज वाटली. आयुष्यभर दुसऱ्यांवर मोकळ्या हाताने उधळलेली तुच्छता पहिल्यांदाच त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आली होती, आणि ती फार कडू होती. मी तुला नव्हते रे विचारत, एवढं तरी म्हणायला हवं होतं.

त्या पुन्हा खुर्चीत ताठ बसल्या.

"इकडे ये. मागे उभा राहा. हात ठेव."

उल्हासने हात ठेवला. करंगळी आत दुमडलेली.

"नीट ठेव. करंगळी दिसू दे." मग त्या हाकोनला इंग्रजीत म्हणाल्या, "याला नंतर कापून टाका. बोटं तेवढी ठेवा." आणि तो कॅमेऱ्यामागे वाकला तसं त्यांनी बजावलं की हसा म्हणायचं नाही.