परतीचा डबा

डब्यात काहीतरी खुळखुळलं. दुपारच्या निजलेल्या घरात तेवढाही आवाज मोठा वाटला, म्हणून त्रिवेणीने डबा पटकन ओट्यावर टेकवला आणि आतल्या खोलीचा कानोसा घेतला. ईशाला आत्ताच कुठे झोपवलं होतं. ती झोपली तर तासभर हाताशी येणार होता. उद्याची भाजी ठरवायची होती, सत्यवतीला कांद्याचं कळवायचं होतं, आणि जमलंच तर केस विंचरायचे होते.

"डबाआजीचा डबा आला?" आतून आवाज आला.

"आला. तू झोप."

"काय दिलं?"

पाच वर्षांची पोर अनवाणी येऊन ओट्याशी उभी राहिली. आता झाकण उघडल्याशिवाय सुटका नव्हती. डबा आतून लख्ख घासलेला होता. तळाशी एक अख्खी सुपारी होती.

"हे खायचं असतं?"

"मोठी झाल्यावर."

ईशाने सुपारी मुठीत घेतली आणि आपल्या खेळण्यांच्या टोपलीत नेऊन ठेवली. त्या टोपलीत डबाआजीकडून आलेल्या बऱ्याच गोष्टी होत्या. आजीला तिने कधी पाहिलं नव्हतं.

विद्यानगरच्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर त्रिवेणी वृद्धांसाठी 'सोबत' नावाचं मंडळ चालवायची. सकाळी कॅरम, पेपरवाचन, गुरुवारी रक्तदाब तपासणी, कुणाची सुई टोचायची असली तर नर्सची सोय. ज्यांना जिने उतरवत नाहीत त्यांच्या घरी दुपारचा डबा जायचा. सत्यवती स्वयंपाक करायची आणि शिवराज त्याच्या ऑटोतून डबे पोचवायचा. भामाकाकू आधी रोज मंडळात यायच्या. गुडघे गेल्यावर कोठी भागातल्या त्यांच्या गल्लीतला उभा जिना त्यांना उतरवेना, तेव्हा त्यांचंही नाव डब्यात आलं. त्या दिवशी मंडळाचे डबे कमी पडले म्हणून त्रिवेणीने घरातला एक दिला. तो ईशाच्या बारशाला तिच्या आत्याने दिलेला होता. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलं होतं, 'चि. ईशा'.

संध्याकाळी तो परत आला तेव्हा त्यात दोन बेसनाचे लाडू होते. सोबत शिवराजकडे निरोप होता, की लेकराच्या नावाचा डबा आहे, मोकळा कसा धाडू.

मग तो डबा भामाकाकूंचाच झाला. रोज भरून जायचा आणि रोज काहीतरी घेऊन यायचा. लाडू, शंकरपाळे, एकदा तिळाची पोळी. मग शेंगदाण्याचा कूट आणि गूळ. मग कागदाच्या पुडीत साखर. कधीतरी मूठभर साबुदाणा, कधी कोरडे तांदूळ. ईशा ते तांदूळ कबुतरांना घालायची. मग चार लवंगा, हळकुंड, आणि आता ही सुपारी. त्रिवेणी प्रत्येक वेळी हसायची. तिची स्वतःची आजी तिला आठवतही नव्हती. आपल्या लेकीला ही डब्यातून आलेली आजी मिळाली, याचं तिला मनातून फार सुख होतं.

भामाकाकूंचा मुलगा अभिजीत पुण्याला होता. महिन्यातून एक-दोनदा तो त्रिवेणीला फोन करायचा आणि दर वेळी तेच विचारायचा, की आई रात्रीचं स्वतः करून खाते ना. मंडळाकडे फक्त दुपारचं जेवण होतं. रात्रीचं ज्यांना करवत नाही त्यांच्या घरच्यांना कळवायचं, ही अट त्रिवेणीनेच घातली होती. एका आजोबांचा स्टोव्हवर हात भाजला होता, तेव्हापासून. अभिजीतनेही सांगून ठेवलं होतं, की जोवर तिचं स्वयंपाकघर चालू आहे तोवर ती तिथे राहील. बंद पडलं की नाही. पुण्यात त्याच्याकडे काकू एकदा राहून, रडून, परत आलेल्या होत्या. मग त्याने शहराबाहेर शामीरपेटकडचा एक वृद्धाश्रम पाहून ठेवला होता.

"चालू आहे की," त्रिवेणी सांगायची. "माझ्या मुलीला अजून खाऊ पाठवतात त्या."

तिला तसंच वाटत होतं.

सुपारी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी शिवराज डबे ठेवता ठेवता म्हणाला, "मॅडम, वो कोठी की अम्मा आजकल दरवाजा आधाच खोलते. हात बाहर, डब्बा अंदर, बंद. पैले बिठाते थे, पानी पिलाते थे."

"थंडी आहे, म्हणून असेल."

"हौ," तो म्हणाला. मग शेवटचा डबा ठेवत म्हणाला, "हात बहुत पतला हो गया मॅडम."

त्रिवेणी त्याच दुपारी गेली. गल्लीत खाली सगळी औषधांची गोदामं झाली होती. माणसं राहत होती ती फक्त वरच्या एका खोलीत. काकूंनी दार अर्धंच उघडलं. ती आहे हे पाहून मग पूर्ण उघडलं.

"ये की माय. भाईर का उभारलीस?"

खोली झाडलेली होती. अंथरूण घडी घातलेलं, काकूंच्या अंगावरचं लुगडं स्वच्छ, केसांना तेल. फक्त त्या लुगड्याच्या आत माणूस कमी झालं होतं. त्यांनी पोरीची चौकशी केली. शाळेत जाते का, रडते का, डबा आवडीने उघडते का.

"धावत येते," त्रिवेणी म्हणाली. "झोपेतून उठून येते. गोड फार आवडतं तिला."

काकू खूश झाल्या आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसल्या. चहाचं काही बोलल्या नाहीत. काकू मूळच्या मराठवाड्यातल्या, त्यांच्या घरात एवढा वेळ बसलेल्या माणसाला चहा विचारला गेला नाही, हे त्रिवेणीच्या उशिरा लक्षात आलं. ती म्हणाली, मीच टाकते दोघींना, आणि उठली.

"बस गं. मी आत्ताच घेतला."

पण ती तोवर फळीशी पोचली होती. काकूंच्या नवऱ्याचं, उमाजीकाकांचं, बेगम बाजारात मसाल्याचं दुकान होतं, तिथले पितळेचे आणि ॲल्युमिनियमचे डबे फळीवर ओळीने होते. तिने साखरेचा म्हणून एक उचलला. तो इतका हलका होता की हात वरच गेला. तिने दुसरा उचलला. मग तिसरा. झाकणं घट्ट होती, आतून सगळे घासून पुसून कोरडे. एकात अजून जिऱ्याचा वास होता. बाकी काही नव्हतं. खाली गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरवर फडकं घातलेलं होतं.

"कधीपासून?" तिने विचारलं.

काकू भिंतीकडे बघत म्हणाल्या, "दसऱ्याला संपला. त्या फोनवर नंबर लावायचा म्हणतेत, मला कुठं येतंय."

"आणि रात्री?"

"तुझ्याच डब्यातली पोळी ठेवते की एक. पाण्यात भिजवली की मऊ होते."

त्रिवेणी फळीकडे पाठ करून उभी राहिली. तिच्या घरी टोपलीत लवंगा होत्या, हळकुंड होतं. साबुदाणा तर ईशाने बाहुलीच्या लग्नात अक्षता म्हणून उधळला होता.

"काकू, खायला नव्हतं तर ते पाठवत का होतात?"

"मोकळा डबा गेला असता तर तू आली असतीस." काकू हे अगदी साधेपणाने म्हणाल्या. "आता आलीसच. अभिजीतला सांगू नको. माझी चूल पेटते म्हणून मी हितं हाय. नाहीतर मला बी उचलतील, ह्या डब्यांवानी."

मग त्यांनी त्रिवेणीचं मनगट धरलं. शिवराज म्हणाला होता तसाच तो हात होता.

"तुला लेकरू हाय. त्याची आण घे, सांगणार न्हाईस."

त्रिवेणीने आण घेतली नाही. पण सांगितलंही नाही. घरी जाताना तिने स्वतःच्या फोनवरून सिलिंडर मागवला, दुकानातून रवा, तूप, साखर, तांदूळ, डाळ घेतली आणि शिवराजकरवी वर पोचवली. रोजच्या डब्यात ती स्वतःच्या हाताने दोन पोळ्या जास्त ठेवू लागली. सत्यवतीने ते पाहिलं. तीही कणीक जरा जास्त भिजवू लागली. त्रिवेणीला वाटलं, भागेल असंच. पुष्कळांचं असंच भागतं.

पण दुसऱ्या दिवशी डब्यात साखरेची पुडी आली. त्याच्या पुढच्या दिवशी डाळ, त्याच्या पुढच्या दिवशी रवा. त्रिवेणीने पिशव्यांतून जे नेऊन दिलं होतं ते मूठमूठ करून तिच्याच ओट्यावर परत येत होतं. तिने निरोप पाठवला, काही पाठवू नका. उत्तर आलं, पोर वाट बघत असेल.

एकदा तिने ईशाला सांगून पाहिलं, की आजीने आता काही पाठवलं नाही तरी चालेल ना?

"नाही चालणार," ईशा म्हणाली. "मग ती माझी आजी कशी?"

संक्रांत झाल्यावरच्या आठवड्यात शिवराजचा फोन आला. तो धापा टाकत होता. अम्मा के घर में गॅस का बास आरा, म्हणाला, मैं खिडक्यां खोल दिया, आप आव. त्रिवेणी ईशाला शेजारी सोडून धावली. ती पोचेपर्यंत वास पुष्कळ गेला होता. काकू दाराशी, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलेल्या होत्या. त्यांना वास येतच नव्हता, कितीतरी वर्षांपासून येत नव्हता, हे तेव्हा कळलं. शिऱ्यानंतर ठेवलेला चहा उतू जाऊन बर्नर विझला होता आणि गॅस तेव्हापासून तसाच चालू होता.

ओट्यावर ईशाचा डबा होता, झाकण लावून तयार. त्यात शिरा होता. खालून करपलेला, वरचा पांढरा भाग वेचून भरलेला.

"पोरीला गोड आवडतं म्हणालीस," काकू म्हणाल्या.

शिवराज खाली ऑटोपाशी जाऊन उभा राहिला. त्रिवेणी काकूंच्या खालच्या पायरीवर बसली. खालच्या गोदामात कुणीतरी खोकी मोजत होतं. तिला दिसत होतं, की आज शिवराजने दार वाजवण्याआधी काकूंनी दिवा लावायला काडी ओढली असती तर. आणि हेही दिसत होतं, की तो सिलिंडर तिने स्वतः आणून दिला होता.

तिने फोन काढला. काकूंनी पाहिलं. त्यांनी हात धरला नाही, की आण घातली नाही. फक्त उठल्या, भिंतीला धरून आत गेल्या आणि दार लावून घेतलं. अर्धं नाही, पूर्ण.

अभिजीतने सगळं ऐकून घेतलं. तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, "त्रिवेणीताई, तुम्ही तर चालू आहे म्हणाला होतात."

"हो," ती म्हणाली. "म्हणाले होते."

त्यानंतर काकूंनी मंडळाचा डबा घेतलाच नाही. अभिजीत येईपर्यंत कोपऱ्यावरच्या हॉटेलातून इडली जात राहिली. शिवराज रोज दार वाजवून परत यायचा. ईशाचा डबा वरच राहिला होता. ईशा रोज विचारायची, आणि त्रिवेणी रोज सांगायची की उद्या.

रविवारी काकूंना न्यायचं ठरलं. शाळेला सुट्टी होती, म्हणून ईशा सोबत आली. अभिजीत आणि शिवराज यांनी काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिना उतरवला. काकू दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसल्या होत्या. खुर्ची वळणावर कलली तेव्हाही त्यांनी कठड्याला हात लावला नाही. मांडीवर डबा होता. बाकी सामान म्हणजे एक बॅग. फळीवरच्या डब्यांचं काय करायचं असं अभिजीतने विचारलं होतं, तेव्हा त्यांनी फळीकडे पाहिलंही नव्हतं.

गाडीपाशी त्रिवेणी वाकून पाया पडली. काकू समोर बघत राहिल्या. मग त्यांना ईशा दिसली, त्रिवेणीच्या ओढणीमागे अर्धी लपलेली.

"हीच का?"

"हीच," त्रिवेणी म्हणाली. ते त्यांनी ऐकलं की नाही कळलं नाही.

काकूंनी ईशाच्या गालावरून हात फिरवला, बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. "धर गं माय," त्या म्हणाल्या. "तुझं नाव हाय त्याच्यावर."

अभिजीतने गाडीचं दार लावलं. तो त्रिवेणीला काहीतरी म्हणाला, थँक्यू असावं. गाडी गल्लीतून निघायला वेळ लागला, कारण समोरून हातगाडी येत होती. तेवढा वेळ काकूंच्या डोक्यामागचा घट्ट बांधलेला पांढरा अंबाडा काचेतून दिसत राहिला.

शिवराजने ऑटो सुरू केला. ईशाने इतका वेळ धीर धरला होता. तिने डबा पोटाशी घेतला आणि दोन्ही हातांनी जोर लावून झाकण काढलं. आत पाहिलं. हात घालून तळ चाचपला. झाकण उलटं करून बघितलं. डबा घासून घासून असा चकचकीत केला होता की त्यात तिचाच चेहरा दिसत होता, रुंद आणि वाकडा.

मग झाकण नीट लावून तिने वर पाहिलं.

"आई, डबाआजीकडचं सगळं संपलं, का ती आपल्यावर चिडली?"