तारेच्या टोकावरची टोपी

१९८७च्या उन्हाळ्यात उत्तरेकडच्या अलीगंजातल्या एका बंगल्यापुढे पहाटेपासून रांग लागे. भक्ताने तोंड उघडण्यापूर्वीच माणिकबाबा त्याचे नाव, व्याधी, आजोळचे गावसुद्धा सांगत. रांगेत प्राध्यापक होते, रेल्वेचे अभियंते होते. अडाण्याला निदान शंका तरी येते.

बाहेरच्या खोलीत शिष्य प्रत्येकाची माहिती संगणकावर नोंदवी. शिकलेल्यांना याचेच कौतुक: बाबा विज्ञानाचे वैरी नाहीत!

चंद्रशेखर दातार त्यांतलाच. आपल्या संशोधनसंस्थेतले चार संगणक त्यानेच एका तारेने एकमेकांना जोडले होते. त्याच्या बारा वर्षांच्या मुलीला, लतिकेला, मधुमेह. बाबांच्या आज्ञेवरून तिचे इन्सुलिन बंद करून आज तिसरा दिवस. रांगेत ती त्याच्या खांद्यावर धापा टाकत होती.

"आधी इस्पितळात चल," सहकारी सुहासिनी केळकर म्हणाली.

"बाबांनी बघितल्याशिवाय नाही, ताई. हिचं आजोळ त्यांनी न विचारता सांगितलं!"

"शिष्याला सांगितलं होतंस?"

"ते नोंदणीपुरतं!"

सुहासिनीने शिष्याकडे नोंदवले: पती हणमंत, गुडघेदुखी. मग ती आत गेली. बाबांनी पोथ्यांच्या उघड्या पेटीत नजर टाकली.

"बेटी, तेरे पति हणमंत के घुटनों में शनि बैठा है."

"बाबा, हणमंत मेरा बिल्ला है. दिनभर छत पर चूहों के पीछे कूदता है."

"चुप! बाबा परीक्षा ले रहे हैं," दारातून कोणी खेकसले.

सुहासिनी बाहेर आली. शिष्याच्या टेबलामागे संगणकाला जोडलेल्या तारेच्या टोकाला बोटभर धातूची टोपी होती. ती तिने फिरवून काढली. पुढचा भक्त आत गेला. बाबा पेटीत पाहत राहिले.

"नाम... क्या है, भाई?"

अंतर्ज्ञानाने प्रथमच नाव विचारले.

सुहासिनी पुन्हा आत शिरली आणि तिने पेटी सर्वांकडे वळवली. आत दुसरा संगणक. त्याची तार भिंतीतून थेट शिष्याच्या संगणकाला. "टोकाला टोपी नसली की संदेश आपटून उलटा फिरतो आणि सगळी तार बधिर होते. हे चंद्रशेखरच नव्या लोकांना शिकवतो." ती दारातल्या चंद्रशेखरकडे वळली. "काय रे, ही तार दिसली नाही?"

"मला वाटलं... टीव्हीची असेल."

इस्पितळात डॉक्टरांनी मुलीचे नाव विचारले. चंद्रशेखरने ते सांगितले, आणि तीन दिवस इन्सुलिन बंद असल्याचेही. संध्याकाळी लतिका गेली.

चमत्काराला माहिती कोण पुरवतो, हे विचारण्यात पाप नाही. भिंतीत शिरणारी तार दिसली, तर हात जोडण्याआधी भिंतीपलीकडे जाऊन पाहा. आणि डॉक्टरने दिलेले औषध कोणत्याही बाबाच्या सांगण्यावरून थांबवू नका.