आधी कुणाची डिस्क

सासूबाईंचा कॉम्प्युटर करकरायला लागला, तेव्हा आधी तोंड उघडलं ते चिरंजीवांनी. "आई, तुझ्या डिस्कला घरघर लागलीय. काढून टाकू झालं." एवढं बोलून स्वारी आंघोळीला निघून गेली. मुलगा कामाला कमी आणि सल्ल्याला फार, हे तो रांगत होता तेव्हापासून सासूबाईंना ठाऊक होतं.

पण 'काढून टाकू' हे शब्द त्यांच्या डोक्यातून जाईनात. त्या बायकांचे कोट आणि झगे शिवायच्या. कपडे बेतायचा त्यांचा प्रोग्रॅम फक्त जुन्या सिस्टिमवर चालायचा आणि त्याची सीडी कधीच हरवली होती. हाताला कंप सुटल्यापासून कागदावर सरळ रेघ काही उमटत नव्हती. डिस्क गेली की शिवणही गेलं, मग खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघायची.

त्याच कॉम्प्युटरवर सूनबाई सकाळी इमारतींचे नकाशे काढायची. तिची डिस्क वेगळी, सिस्टिम नवी. मशीन चालू करताना एक कळ दाबून धरली की पडद्यावर दोन्ही डिस्कांची चित्रं यायची, हवी ती निवडायची. काहीच दाबलं नाही तर सासूबाईंची चालू व्हायची. झोपाळू सूनबाई कळ दाबायला हमखास विसरायची आणि चडफडत पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. ती चडफड स्वयंपाकघरात ऐकू यायची.

"काढून कशाला टाकायची? नव्या डिस्कवर उतरवू की," सूनबाई म्हणाली आणि सुट्टीच्या दिवशी नवी कोरी डिस्क घेऊनच आली. जुनीवरचं सगळं तिनं नवीवर ओढून घेतलं, मशीन बंद केलं, कळ दाबून पुन्हा चालू केलं. पडद्यावर त्याच दोन जुन्या डिस्का. नवीचा पत्ताच नाही. सासूबाईंचा चेहरा उतरला.

"फायली सगळ्या आल्यात हो आई. पण मशीन चालू करण्यापुरतं जे लागतं, ते नुसत्या ओढाओढीनं येत नाही. माझाच गाढवपणा."

"म्हणजे कापड कापून झालंय, शिवायचं राहिलंय."

"अगदी तस्सं!"

सूनबाईनं नवी डिस्क पुसून कोरी केली आणि या वेळी जुनीची जशीच्या तशी नक्कल करायला लावली, चालू होण्याच्या भागासकट. अर्ध्यावर जुनी डिस्क अशी काही किंचाळली की दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. "टिक गं बाये, एवढं टिक," सासूबाई डिस्कला विनवत होत्या. चिरंजीव डोकावून चहाचं विचारून गेले.

नक्कल पुरी झाली. या खेपेला नवी डिस्क पडद्यावर ऐटीत हजर होती. प्रोग्रॅम उघडला, अर्धवट राहिलेली कोटाची बाही समोर आली आणि सासूबाईंना रडूच फुटलं. सूनबाईनं सेटिंगमध्ये जाऊन, आपोआप चालू व्हायला त्यांचीच नवी डिस्क निवडली.

"अगं, सकाळी तुझीच तारांबळ होते."

"होऊ दे. हे मशीन आधी तुमचं."

संध्याकाळी सूनबाई भाजी आणायला गेली, तशा सासूबाई कॉम्प्युटरपाशी बसल्या. सेटिंगमध्ये सूनबाई कुठं कुठं गेली होती ते त्यांनी नीट पाहून ठेवलं होतं. चोरी करत असल्यासारखं दाराकडे बघत बघत त्यांनी एकेक कळ दाबली.

सकाळी सूनबाई सवयीनं कळ दाबायला विसरली आणि पडद्यावर थेट तिचे नकाशे आले. ती धावतच स्वयंपाकघरात आली. "आई, घात झाला! तुमची डिस्क चालूच झाली नाही. मशीन माझ्या डिस्कवर गेलं!"

"गेलं नाही, मी पाठवलं," सासूबाई म्हणाल्या. "तुझी घाई असते. मी काय, दुपारी निवांत कळ दाबेन."

"पण मी मुद्दाम तुमची पहिली ठेवली होती!"

"मला पहिलं कशाला व्हायचंय? काढून टाकतील एवढंच भ्या होतं गं. आता आहे ना मी आत?"

सूनबाई त्यांच्या गळ्यातच पडली.

"पुरे, पुरे," सासूबाई तिची पाठ थोपटत म्हणाल्या. "एवढं तुझ्यासाठी सोपं करून दिलं, तर इथं काय उभी राहिलीस? जा, कामाला लाग."