शहाबादी फरशीचा मान

शिवकन्या डोईफोडे आडनावाला जागली होती. तायक्वांदोत समोरचीच्या डोक्याला लाथ लागली की तीन गुण मिळतात. असे गुण गोळा करत पोरगी राष्ट्रीय सुवर्णपदक घेऊन आली. गावानेही कौतुकात कसूर केली नाही. चौकात फ्लेक्स लागला : ‘कराटे क्वीन शिवकन्याताईंचे हार्दिक अभिनंदन!’ त्यावर नगराध्यक्ष नानासाहेब ट्रॅक्टरएवढे होते. शिवकन्या खालच्या कोपऱ्यात, नानांच्या पुतण्याशेजारी, आधारकार्डावरच्या फोटोत.

“सर, खेळाचं नाव तरी नीट टाकायचं,” ती प्रशिक्षक कुटे सरांना म्हणाली.

“नीट टाकलं असतं तर वाचलं असतं का कुणी? गप हार घे आन खाली उतर. परवा पुण्यात निवड चाचणी हाय. भारताच्या संघात बसलीस की शिकवू सगळ्यांला नाव.”

सत्काराला तिला खेळाच्या पांढऱ्या गणवेशात, अनवाणी उभं केलं होतं. नानांनी आपल्या तरुणपणीच्या कुस्त्यांवर मनसोक्त भाषण केलं आणि शेवटी तिचीही आठवण काढली. “आता आपली लेक एका लाथेत फरशी फोडून दाखवणार!”

दोन गड्यांनी शहाबादी फरशी आणून ठेवली. चांगली जाड, नानांच्याच दुकानातली. जाहिरातही आपोआप होत होती.

उभ्या आयुष्यात शिवकन्येने कपबशीखेरीज काही फोडलं नव्हतं. ही फरशी फुटणार नव्हती, फुटला असता तो पाय. आणि पाय गेला की पुणं गेलं.

“नाना, आमच्या खेळात फरशी नसते.”

“लाजू नको गं! कराटे म्हटलं की फरशी आलीच.”

तिने सरांकडे पाहिलं. सरांना नेमकी तेव्हाच बुटाची नाडी बांधायची होती. त्यांची नोकरी नानांच्याच शाळेत होती. पहिल्या रांगेतून तिचे वडील ओरडले, “शिवे, दाव की तुझं कराटे! गाव बघतंय!” याच अण्णांनी सहा वर्षं तिच्या सुजल्या घोट्याला हळद लावली होती. तिला त्यांचा राग आला आणि रडूही आलं.

मग तिने माइक मागितला.

“फोडते, नाना. पण फरशी कुणीतरी छातीशी धरावी लागते. तो मान प्रमुख पाहुण्यांचा.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. नाना फरशी धरून उभे राहिले. शिवकन्येने चार पावलं मागे घेतली आणि अशी आरोळी ठोकली की मंडपातली तान्ही पोरं रडायला लागली.

“थांब थांब!” नाना म्हणाले. “तरुणांना संधी द्यावी.” मान पुतण्याकडे गेला. पुतण्याने वयाचा आदर राखून तो मुख्याध्यापकांना दिला. मुख्याध्यापकांची पाठ धरली होती. कुटे सरांची नाडी अजून बांधून व्हायची होती. त्या व्यासपीठावर इतका विनय गावाने कधी पाहिला नव्हता. अखेर नानांनी माइक ओढला. “खेळाडूचा पाय ही देशाची संपत्ती आहे. ती आपण फरशीवर वाया घालवणार नाही!” पुन्हा टाळ्या.

ती खाली उतरली तेव्हा अण्णा जवळ आले. “खरंच मारणार होतीस व्हय गं?”

“नाही ओ. आमच्या खेळात समोरचा रिंगणाबाहेर पळाला तरी गुण आपल्यालाच मिळतो.”

अण्णा हसले नाहीत. त्यांनी एकदा त्या फरशीकडे पाहिलं, एकदा तिच्या पायाकडे. मग खाली वाकून तिच्यापुढे स्वतःच्या चपला सरकवल्या.

“घाल. काटाबिटा लागंल. तायकांदोचा पाय हाय त्यो.”