गच्चीवरचे तीनशे बेचाळीस

श्रावस्तीला वाटलं होतं, सास्तूरला परतल्यावर रेंजच्या एकेका कांडीसाठी फोन उंच धरून फिरावं लागेल. घडलं भलतंच. दिल्लीहून आल्याच्या पहिल्याच दुपारी ती गच्चीवर गेली, फोनवर नेटचा वेग मोजला आणि तिथूनच ओरडली, "तात्या, तीनशे बेचाळीस! हॉस्टेलला तीस मिळाले तरी आम्ही नाचायचो!"

मलाही काहीतरी वाटलं होतं. वाटलं होतं, ती आल्याबरोबर मला फळीवरून उचलेल, ओढणीनं पुसेल. तिनं पुसलं, पण त्या नव्या फाइव्हजी फोनला.

मी फोरजीचा वायफाय डबा बोलतोय. साबणाच्या वडीएवढा, काळा. पोटात एक सिमकार्ड. हवेतून नेट घ्यायचं आणि घरातल्या फोनला, टीव्हीला वाटायचं, एवढंच माझं काम. वेग विचाराल तर नऊ. फार मन लावलं तर अकरा.

लॉकडाऊनमध्ये श्रावस्तीच्या आजोबांनी, तात्यारावांनी, मला लोहाऱ्यातून आणलं. तेव्हा ती बारावीला होती. या घराची एक रीत आहे. त्र्याण्णवच्या भूकंपात जुनं घर गेलं, नव्या गावठाणात स्लॅबचं मिळालं. तात्याराव त्यात झोपतात, पण चार माणसं जमायची असली की अंगणातल्या पत्र्याच्या शेडातच. "दुसऱ्याची लेकरं म्या स्लॅबखाली बसवणार न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. श्रावस्तीच्या अभ्यासाला मैत्रिणी यायच्या, म्हणून अभ्यासही शेडात. आणि पत्र्याखाली मी मुका. तात्याराव मला घेऊन तीन दिवस अंगणभर फिरले. शेवटी शेडाच्या खिडकीबाहेर एक बांबू रोवला, जुन्या धोतराची पिशवी शिवली, तीत मला ठेवलं. "आता गोल फिरतंय का बघ गं," ते विचारायचे. नेट अडकल्याचं ते पडद्यावरचं गोल फिरणं थांबलं. श्रावस्ती पास झाली, दिल्लीला गेली, आणि मी शेडातल्या फळीवर आलो; तात्यारावांनी रिचार्ज मात्र चुकवलं नाही.

चार वर्षांनी हा फोन आला. उशाशी झोपतो, तिच्यासोबत जेवायला बसतो. मला दात-ओठ नाहीत, नाहीतर रोज खाल्ले असते. तिनं गच्चीवर जाऊन सकाळ, दुपार, संध्याकाळ त्याचा वेग मोजला. एकदा गंमत म्हणून मलाही नेलं. "नऊ!" म्हणून हसली. तिनं मनापासून शिकलेले पहिले धडे कोणी आणून दिले होते, ते विसरून हसली.

तिचा बेत मोठा होता. गावातल्या सात मुलींना रोज संध्याकाळी विज्ञान शिकवायचं. दिल्लीतली तिची मैत्रीण शिवप्रिया टीव्हीच्या पडद्यावरून शिकवणार. "वेग आलाय, आता पोरींना कोण अडवतंय?" असं ती घरोघर सांगत फिरली. शिवारातल्या वस्तीवरच्या कडूबाई तेवढ्या अडून बसल्या. त्यांची राजेश्वरी नववीत. कडूबाई म्हणाल्या, "दोन किलोमीटर चालून यायचं, चालून जायचं. एक सांज बघते. नीट झालं तर रोज धाडीन, न्हायतर पुन्हा नाव काढू नगंस."

गुरुवारी शेड भरलं. फोन टीव्हीशेजारी ऐटीत उभा. मी फळीवरून बघत होतो. शिवप्रिया दिसली, "तर मुलींनो" म्हणाली आणि उघड्या तोंडानं थिजली. पडद्यावर ते गोल फिरायला लागलं.

"बाईंनी आ केलाय तो केलाच!" मुली खिदळल्या.

श्रावस्तीनं फोन बंद केला, चालू केला. फाइव्हजी यायचं, जायचं. तीनशे बेचाळीसचे दोन झाले, मग शून्य. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? इतका आनंद मला तिच्या निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

अर्ध्या तासानं कडूबाई उठल्या. "ह्यांचं तोंड मिटस्तोवर बसले तर म्हशीची धार कोण काढंल? चल गं."

राजेश्वरी उठली. पुन्हा पुन्हा पडद्याकडे वळून बघत गेली. तेव्हा माझा आनंद कुठल्या कुठं गेला. मी मागितलं होतं त्याचं हरणं. हरली मात्र ही पोर.

तात्यारावांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "वेग मोजलास कुठं?"

"गच्चीवर."

"आन् पोरी बसल्यात कुठं?"

श्रावस्तीनं वर पत्र्याकडे बघितलं.

तात्यारावांनी मला उतरवलं, वायर लावली, खिडकीबाहेरच्या पिशवीत ठेवलं. माझा निळा दिवा लागला. नऊचा वेग, पण शिवप्रियाचं तोंड मिटलं आणि उरलेल्या सहा जणींचा वर्ग पाऊण तास अखंड चालला. मी बांबूवरून त्या फोनकडे बघत होतो. म्हटलं, आता बोल.

वाटलं, सकाळी श्रावस्ती मला कायमचं तिथंच ठेवील. पण दिल्लीला शिकलेली पोर ती. सकाळी उठून तिनं आम्हा दोघांना घेऊन मोजायला सुरुवात केली. शेडात, खिडकीत, बांबूवर. खांबावर खडूनं लिहीत गेली. शेडात दोघेही नापास. माझ्या पिशवीत मी नऊ. माझ्याच पिशवीत तो एकशे साठ.

माझ्या पिशवीत! तात्यारावांनी माझ्या मापानं शिवलेली. त्याला ती आखूड पडत होती, तरी तिनं कोंबला.

मग मला ओढणीत गुंडाळून ती चालत कडूबाईंच्या वस्तीवर गेली. तिथं नव्या टॉवरचं फाइव्हजी पोचतच नाही. तिचा फोन असता तर मुका झाला असता. माझ्या जुन्या कंपनीचा टॉवर मात्र पलीकडच्या माळावर उभा. कडूबाईंचा फोन मला जोडून तिनं तिथंही मोजलं. अकरा.

"काकू, कालची चूक माझी," ती म्हणाली. "जिथं पोरी बसणार, तिथं मी मोजलंच नाही."

"मग आता काय म्हनतीस?"

"राजेश्वरीनं यायला नको. वर्गच इथं येईल, तुमच्या फोनवर."

कडूबाईंनी मला उलटंपालटं करून पाहिलं. "एवढासा?"

"मी ह्याच्यावरच बारावी झाले, काकू."

हे तिनं गावात, त्या फोनसमोर म्हणायला हवं होतं. पिशवीचं दुःख अजून आहे, ते राहील. माझं मागणं एवढंच: आम्हा दोघांत कोण जोरात पळतो हे विचारण्याआधी कोणाच्या दारापर्यंत पळायचंय, ते विचारा.

राजेश्वरी आतून जुना परकर आणि सुईदोरा घेऊन आली. "ताई, पिशवी केवढी शिवू?"

श्रावस्तीनं मला तिच्या हातावर ठेवलं. "ह्याच्याच मापाची," ती म्हणाली. "हा आता तुझ्याकडंच राहणार."