हेडमास्तरांचं पोट

"मावशी, आधी आतली टाकी भर. पोरांचं पिंप काय पळून चाललंय का?"

हेडमास्तर खुर्चीतून न उठताच बोलले. मावशी भरलेला हंडा डोक्यावर घेऊन हापिसाच्या दारात उभी होती. मान ताठ, पाय चिखलाने बरबटलेले. गेली अकरा वर्षं ती या शाळेला पाणी भरत होती. शाळेपासून दोन वावरं ओलांडून ओढ्याकाठी विहीर होती, तिथून दिवसाला बारा-चौदा खेपा व्हायच्या. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं. बाकी साऱ्या गावाला ती पाणीवाली मावशी.

"पिंपात वाटीभर पाणी नाही सर. दुसरीची पोरं तळ खरवडतायत."

"टाकी भर आणि मग पिंपाकडं जा. तोंडाला लागू नकोस."

मावशी तोंडाला लागली नाही. टाकी भरून मुकाट्याने बाहेर आली.

टाकी होती यंत्राची. वर्षापूर्वी शहरातल्या एका सेवा मंडळाने शाळेला पाणी शुद्ध करायचं यंत्र दिलं होतं. चकचकीत, निळा दिवा लागणारं. मांडव घातला, फीत कापली. मंडळाचे अध्यक्ष पाऊण तास शुद्ध पाण्यावर बोलले आणि मध्ये तीन वेळा आपल्या बाटलीतलं पाणी प्याले. पोरं उन्हात बसून टाळ्या वाजवत होती. मंडळी परत गेली आणि दुसऱ्याच दिवशी यंत्र ओसरीवरून हेडमास्तरांच्या हापिसात गेलं. का, तर पोरं तोटी मोडतील. शिवाय उंदीर वायर कुरतडतील. हापिसातले उंदीर तेवढे वळणाचे असावेत.

तेव्हापासून हेडमास्तर आणि दोन गुरुजी यंत्राचं पाणी पीत होते, आणि नव्वद पोरं पिंपातलं. दोन्हीकडं पाणी एकाच विहिरीचं, आणणारं डोकंही एकच.

आणि विहीर तरी कशी? एका अंगाचा कठडा ढासळलेला. पाऊस पडला की वरच्या वावरातलं पाणी शेणामातीसकट थेट आत. दुपारी म्हशी काठावर येऊन बसायच्या आणि नुसत्या बसून राहायच्या नाहीत, पुढचंही सगळं तिथंच उरकायच्या. मावशी पदराची दुहेरी गाळणी करून पाणी गाळायची. त्याने काडीकचरा अडायचा. बाकीचं थेट पोरांच्या पोटात.

त्या साली पावसाळ्यात मावशीची नात तिसऱ्यांदा आजारी पडली. नात तिसरीत होती. चार दिवस जुलाब, डोळे खोल गेलेले, हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. सून रडत होती. नर्सबाई घरी आली, मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजत बसली आणि तिने विचारलं, "शाळेत कुठलं पाणी पिते ही?"

"मी भरते तेच," मावशी म्हणाली, आणि म्हणताना तिला कसंसंच झालं. आपल्याच डोक्यावरून आणलेलं, आपल्याच पदराने गाळलेलं.

नर्सबाईने सरळ सांगितलं. विहिरीला कठडा बांधा, वरून झाकण घाला, म्हशी लांब ठेवा, पाण्यात औषध टाका. तोवर पोरांना यंत्राचं पाणी द्या.

नात उठून बसली तशी मावशी हेडमास्तरांकडे गेली. "सर, यंत्र ओसरीवर काढा. मी राखण करते."

"अगं, ते यंत्र छोटं आहे. नव्वद पोरांना पुरायचं नाही."

"मग आजाऱ्यांना तरी द्या."

"एकाला दिलं की सगळ्यांना द्यावं लागतं. भेदभाव मला चालत नाही."

"मग विहिरीचं तरी वर कळवा."

"कळवतो," हेडमास्तर म्हणाले. कळवतो म्हणायची त्यांची एक खास पद्धत होती. बोलता बोलताच ते विसरायला लागायचे. महिना गेला. पहिलीतली दोन पोरं अंथरुणाला खिळली. मावशी आठ दिवसांनी विचारायची आणि हेडमास्तर आठ दिवसांनी कळवतो म्हणायचे.

एका सोमवारी मावशीने पहिला हंडा पिंपात ओतला. दुसराही पिंपातच. चौदाच्या चौदा खेपा पिंपात, आणि पिंप भरल्यावर पोरांच्या बादल्यांत. हापिसातल्या टाकीत थेंब नाही. दुपारी यंत्राची तोटी फुर्र करून गप्प झाली.

"मावशी, टाकी?"

"गुडघे धरलेत सर. आधी पोरांचं होईल, उरलं तर तुमचं."

"हे चालायचं नाही."

"मग तुम्ही एक खेप करा. हंडा रिकामाच आहे."

गुरुजींनी खिडकीतून बाहेर बघितलं. हंडा घेऊन चिखलातून दोन वावरं तुडवायची म्हणजे कपड्यांची इस्त्री गेली. मावशीला कामावरून काढावं, तर दुसरं कोण येणार? एवढ्या पगारात दुसरं डोकं गावात मिळणार नव्हतं. पहिल्या दिवशी तिघांनी घरून बाटल्या आणल्या. दुसऱ्या दिवशी बाटल्या अकरालाच संपल्या. तिसऱ्या दिवशी हेडमास्तर बाटली घरीच विसरले, कवायतीच्या तासाला उन्हात घसा कोरडा पडला आणि ते इकडं तिकडं बघून पिंपातले दोन पेले घटाघटा प्याले. गोड लागलं म्हणून तिसराही.

शुक्रवारी प्रार्थना अर्ध्यावर आली असताना हेडमास्तरांचे डोळे अचानक मोठे झाले. तोंडाने प्रार्थना चालू, पाय मात्र जागच्या जागी बदलायला लागले. मग त्यांनी मैदानाच्या टोकाला असलेल्या संडासाकडे चालायला सुरुवात केली, मध्यावर गेल्यावर पळायला. परत आले, खुर्चीला पाठ टेकली, की पुन्हा उठले. दुपारपर्यंत मैदानात पायवाट पडायची तेवढी राहिली. चौथीची पोरं खिडकीत गर्दी करून होती. गणिताच्या तासाला त्यांचं इतकं लक्ष कधी नसायचं.

नर्सबाईने त्यांनाही मीठ-साखरेचं पाणी चमच्याने पाजलं आणि तेच विचारलं, "कुठलं पाणी प्यालात?"

पोरांची पोटं वर्षानुवर्षं बिघडत होती, त्याचं पत्र निघालं नव्हतं. हेडमास्तरांचं एकाच दिवशी बिघडलं आणि शनिवारी अंथरुणातूनच सेवा मंडळाला तीन पानांचं पत्र गेलं. त्यात 'तातडीने' हा शब्द नऊ वेळा होता, असं गुरुजी सांगत होते.

मंडळाच्या एक बाई पुढच्याच आठवड्यात गाडी घेऊन आल्या. बाई मनाने चांगल्या होत्या, पण त्यांच्या हातातल्या कागदावर फक्त यंत्रं होती. "याहून मोठं यंत्र देऊ," त्या म्हणाल्या.

मावशी दारातच उभी होती. "बाई, यंत्र राहू द्या. माझ्याबरोबर एक खेप करता का?"

हेडमास्तर नको नको म्हणत होते, तोवर बाई चालायला लागल्या होत्या. चिखलात एक चप्पल रुतली, ती मावशीने उपसून दिली. विहिरीवर दोन म्हशी नेहमीप्रमाणे बसलेल्या. एकीने बाईंच्या देखत शेपूट वर केलं आणि ढासळलेल्या कठड्यावरून ओघळ आत गेला.

"हेच पितात मुलं?"

"मी गाळून देते," मावशी म्हणाली. "पदराने."

परत येताना बाईंनी विचारलं, काय काय लागेल. मावशीने नर्सबाईचं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. कठडा, झाकण, पंप, शाळेपर्यंत नळ, आणि पाण्यात टाकायचं औषध. बाई म्हणाल्या, "होईल. एकच अडचण आहे. मंडळाला बोर्ड दिसेल असा लावावा लागतो. विहिरीवर कोण बघणार?"

"झाकणावर लावा की," मावशी म्हणाली. "देव वरून वाचेल."

बाई हसल्या, पण बोर्ड शेवटी शाळेच्या दारातल्या नव्या टाकीवरच लागला. तोट्या चार, अक्षरं हातभर. उद्घाटनाला पुन्हा मांडव, पुन्हा फीत. हेडमास्तर व्यासपीठावर गहिवरून बोलले. पोरांचे हाल बघवेनात म्हणून आपण स्वतः ते पाणी पिऊन पाहिलं, असं त्यांनी सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मावशी मांडवाच्या कडेला उभी होती, तिनेही वाजवल्या. नात मांडीवर पेला धरून पुढच्या रांगेत बसली होती, गालावर जरा मांस आलेली.

सोमवारी मावशीच्या हातात कागद पडला. नळ आल्याने पाणी भरण्याचे काम बंद करण्यात येत आहे, सहकार्याबद्दल आभार. खाली हेडमास्तरांची सही, वळणदार. सून म्हणाली, "तुम्हीच आणलंत हे." मावशी म्हणाली, "हो, मीच." त्या संध्याकाळी ती फारशी जेवली नाही. सकाळी उठून खुरपं घेतलं आणि दुसऱ्याच्या वावरात निंदायला गेली.

पंधरा दिवसांनी दुपारी ती शाळेवरून चालली होती. ऊन चटके देत होतं, म्हणून पाणी प्यायला आत वळली. तोट्यांपाशी पोरांची रांग होती आणि रांगेत, दुसरीतल्या दोन पोरींच्या मागं, हातात काचेचा पेला घेऊन हेडमास्तर उभे होते. मावशी गुपचूप त्यांच्या मागं उभी राहिली.

त्यांनी वळून बघितलं. आवाज खाली आणून म्हणाले, "मावशी, आलीच आहेस तर आतल्या टाकीत दोन हंडे टाकून जा ना. रोज हे असं बरं दिसत नाही."

"कसं टाकू सर? काम बंद झाल्याचा कागद आहे माझ्याकडं. तुमच्याच सहीचा."

हेडमास्तर काही बोलणार तोच मागून चौथीतली एक पोर म्हणाली, "सर, पुढं सरका. रांग थांबलीय."

हेडमास्तर एक पाऊल पुढं सरकले. मावशीही सरकली.