अमावस्येपर्यंत रिव्हर्स नको

नालवाडीच्या मैदानात अख्खी वस्ती श्वास रोखून उभी होती. एक पांढरी मोटार मंडपाकडे सरकत होती आणि ड्रायव्हरच्या जागी बसलेला सचिन नावाचा शिष्य दोन्ही पाय सीटवर घेऊन, मांडी घालून, डोळे मिटून बसला होता. गाडी कुणी ढकलत नव्हतं, कुणी ओढत नव्हतं. टायरखाली ठेवलेली लिंबं फचाफच फुटली. समोरच्या गादीवरून क्लचमुक्त महाराजांनी उजवा तळहात वर केला आणि झेंडूच्या फुलांच्या राशीपाशी येऊन गाडी निमूट थांबली. बायकांनी हात जोडले. पुरुषांनी मोबाईल वर धरले, म्हणजे त्यांच्या परीनं हातच जोडले.

मी शोभाबाई. सरकारी दवाखान्यात नर्स होते, आता निवृत्त आहे. अंगात आलेल्या बायका आणि अंगात आणलेले पुरुष इतके पाहिलेत, की चमत्कार दिसला की मी आधी वाकून खाली पाहते. त्या दिवशी पुढं माणसांची भिंत होती, म्हणून खाली पाहता आलं नाही.

चमत्कार दोन अंकी होता. पहिल्या अंकात सचिननं पाय दाबदाबून इंजिन बोंबलवलं, पण गाडी तसूभर हलली नाही. मग महाराजांनी लांब नळीच्या नरसाळ्यातून लाल तेलाचे थेंब इंजिनाच्या बाजूला सोडले. सचिननं भगवी शाल पांघरून गिअरच्या दांड्याला वाकून नमस्कार केला, पाय वर घेतले, आणि गाडी निघाली.

"भक्तहो, क्लच म्हणजे काय? माया," महाराज माइकवरून सांगत होते. "दाबली की सोडते, सोडली की पकडते. ऑटोमॅटिक गाडीले क्लच नाई, म्हणजे ती जन्मतःच संन्यासी. तिच्या पोटात कंपनीचं महागडं तेल ओतणं म्हणजे संन्याशाले कोट शिवणं आहे. आपलं सिद्ध तेल घ्या. कोणत्याही कंपनीच्या, कोणत्याही मॉडेलच्या गाडीले चालते. देव एक, तेल एक."

तेल स्वस्त होतं, हे खरं. डब्यावर महाराजांचा फोटो होता आणि खाली दोन नियम छापले होते. पहिला, वापरण्यापूर्वी हलवा, कारण शक्ती तळाशी बसते. दुसरा, तेल घातल्यावर अमावस्येपर्यंत गाडी रिव्हर्समध्ये घालू नये.

आमच्या गल्लीत हा दुसरा नियम हिरालालभाऊ पाळत होते. ते सोयाबीनचे अडते, मोठी ऑटोमॅटिक गाडी, आणि घर बंद बोळाच्या टोकाला. संध्याकाळी गाडी सरळ आत जायची, सकाळी बाहेर कशी काढायची हा प्रश्न होता. त्यांनी बाजारातले चार हमाल लावले. रोज सकाळी चौघं गाडीच्या नाकाला खांदा देऊन तिला बोळाच्या बाहेर ढकलायचे आणि हिरालालभाऊ आत बसून 'जय क्लचमुक्त' म्हणायचे. ढकललेली गाडी रिव्हर्समध्ये धरत नाहीत, असा निवाडा त्यांनी महाराजांकडून आधीच आणला होता.

इथवर मी हसत होते. हसू थांबलं ते अच्युतनं आपली गाडी महाराजांकडे न्यायची ठरवली तेव्हा.

अच्युत माझा शेजारी, कचेरीत बाबू. त्याची बायको सुनीती आर्वी रस्त्यावरच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. एका अपघातात तिचा डावा गुडघा कामातून गेला. त्यानंतर ती एसटीनं जायची. बसची पहिली पायरी चढताना तिचा चेहरा कसा व्हायचा ते मी पाहिलंय. तीन महिन्यांत तिनं राजीनाम्याची भाषा सुरू केली होती. मग दोघांनी जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. तिला डाव्या पायाचं काम नाही, सगळा कारभार उजव्याच पायानं. त्या गाडीनं सुनीतीला तिची शाळा परत दिली. मला ती गाडी त्यामुळे माणसासारखी प्रिय आहे.

आता गाडी गिअर बदलताना झटके देऊ लागली होती. मेकॅनिक म्हणाला गिअरबॉक्सचं तेल बदला, आणि कंपनीच्या तेलाचा भाव ऐकून अच्युतनं तो पुन्हा एकदा विचारला. त्यात हा लाल तेलाचा स्वस्त डबा.

"मावशी, स्वस्त भेटून राह्यलं तर काऊन नाई घ्यायचं?" तो मला म्हणाला. "हिरालालभाऊची गाडी पाहा ना, कशी लोण्यासारखी चालून राह्यली."

"पुढं चालते," मी म्हटलं. "मागं येऊन राह्यली का?"

"अमावस्येनंतर येईल ना."

सुनीतीनं नाही म्हणून सांगितलं. पण गाडीच्या बाबतीत आपल्याकडे मत पुरुषाचं आणि ड्रायव्हिंग कुणाचंही. गल्लीतल्या पंचमंडळींनी, ज्यांच्यातल्या एकानंही ऑटोमॅटिक गाडीला हात लावला नव्हता, तेल महाराजांचंच, असा ठराव पास केला. सगळ्यांचं आयुष्य क्लचच्या गाड्यांवर गेलेलं. पाय न लावता गाडी चालली, म्हणजे दैवी शक्ती, यात कुणाला शंकाच नव्हती. सुनीतीला कुणी विचारलंच नाही. भक्त झालेले हिरालालभाऊ सोडले, तर अख्ख्या गल्लीत रोज ऑटोमॅटिक चालवणारं माणूस ती एकटीच होती.

भांडली नाही ती. हिरालालभाऊंकडून उरलेल्या तेलाची बाटली मागून आणली आणि खिडकीत ठेवली. दोन दिवसांनी मला हाक मारून दाखवली. वर पिवळट तेल, तळाशी लाल गाळ.

"शक्ती बसली वाटतं," मी म्हटलं.

"बसू द्या," ती म्हणाली. "रविवारी उठवू. तुम्ही फक्त तांब्याभर ताक घेऊन येजा, मावशी."

रविवारी मंडप पुन्हा भरला. महाराजांची पांढरी गाडी चमत्कार दाखवून मंडपात नाक खुपसून उभी होती. आज अच्युतच्या गाडीतलं जुनं तेल काढून नवं भरायचं होतं. अच्युतनं अंघोळ करून नारळ आणला होता. गाडी मात्र सुनीती घेऊन आली आणि फुलांच्या राशीला बगल देऊन, बरोब्बर महाराजांच्या गादीच्या समोर, थोड्या अंतरावर उभी केली. काच खाली करून तिनं माइक मागितला. बाई भक्तीचं काही बोलणार म्हणून सचिननं तो आनंदानं दिला.

"महाराज, गाडी तुमच्याकडं यायले लई आतुर झाली आहे," ती म्हणाली. "तेलाचीही वाट पाहत नाई. मावशी, टाका."

मी बॉनेटवर तांब्याभर ताक ओतलं. सुनीतीनं दांडा 'डी'वर टाकला, हँडब्रेक ओढलेलाच होता, उजवा पाय सीटवर घेतला. डावा पाय तसाही कुठल्या पेडलच्या कामाचा नव्हता. मग तिनं हँडब्रेक सोडला आणि हात जोडले. गाडी निघाली.

गर्दीतून आधी कौतुकाचा हुंकार आला. गाडी माणसाच्या चालीनं गादीकडे सरकत होती. महाराजांनी सवयीनं उजवा तळहात वर केला. गाडी थांबली नाही. त्यांनी डावाही वर केला. गाडी येतच होती. "सचिन," ते हळूच म्हणाले, मग जरा मोठ्यानं "सचिन", आणि मग क्लचमुक्त महाराज माइकशिवाय सगळ्या नालवाडीला ऐकू जाईल इतक्या आवाजात "अबे सचिन, थांबव बे तिले" म्हणत धोतर सावरून गादीच्या मागच्या स्टूलवर चढले. सुनीतीनं हँडब्रेक ओढला. गादीच्या वीतभर अलीकडे गाडी उभी राहिली.

हसण्यात पहिला नंबर हमालांचा होता.

तेवढ्यात मी माझं राहिलेलं काम केलं. वाकून फुलांची रास बाजूला सारली. खाली मातीत रोवलेली अर्धी वीट निघाली.

"हाच तळहात," मी म्हटलं. "रांगती गाडी विटेला अडते."

सुनीती गाडीतून उतरली आणि वर्गात सांगावं तसं सांगू लागली. ऑटोमॅटिक गाडीत इंजिनाचं फिरणं तेलातूनच चाकांकडे जातं. म्हणून दांडा 'डी'वर असला आणि ब्रेक सोडला, की गाडी आपल्या आपण हळूहळू रांगते. अशी गाडी रोज चालवणाऱ्याला हे पहिल्या दिवशी कळतं; हिरालालभाऊंनी मात्र तीही महाराजांचीच कृपा धरली होती. सचिन पहिल्या अंकात दांडा न्यूट्रलवर ठेवून इंजिन ओरडवत होता, शालीखाली वाकला की 'डी'वर टाकून हँडब्रेक सोडत होता. तेलाचे थेंब कुठे पडत होते कोण जाणे, माझं ताक तर बॉनेटवरून मातीत गेलं आणि तरी गाडी चालली.

मग तिनं काचेचे दोन पेले घेतले, दोन्हींत पाणी. एकात महाराजांचं तेल हलवून ओतलं आणि ढवळलं. थोड्या वेळात पाणी गुलाबी झालं आणि वर पिवळं तेल तरंगायला लागलं. साधं पिवळं तेल लाल दिसावं म्हणून त्यात होळीचा रंग कालवला होता; तो पाण्यात सुटतो, तेलात विरघळत नाही, म्हणून ती शक्ती सारखी तळाशी बसत होती. दुसऱ्या पेल्यात तिनं पिशवीतून आणलेल्या डब्यातलं गिअरबॉक्सचं खरं तेल ओतलं, तेही मुळात लालच असतं. पाणी तसंच नितळ, तेल तसंच लाल.

"आता रिव्हर्सचं," ती म्हणाली. "कितीतरी गाड्यांत मागं जायच्या गिअरले तेलाचा दाब जास्त लागते. पातळ, भलतं तेल असलं की आधी तिथंच पोल खुलते. अमावस्येपर्यंत रिव्हर्स नको, म्हणजे महाराज दुसऱ्या गावी जाईपर्यंत नको. हिरालालभाऊ, टाकून पाहा ना."

हिरालालभाऊंची गाडी मैदानाच्या कडेलाच होती. ते मोठ्या जड मनानं बसले आणि नियम मोडला. इंजिन भुंकलं, गाडी जागची हलली नाही. त्यांनी पुन्हा टाकून पाहिलं. चारही हमाल नाकाशी जाऊन उभे राहिले, तेव्हा त्यांनी हात हलवून त्यांना नको म्हटलं आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. त्या माणसाची मला त्या क्षणी खरंच कीव आली.

महाराज स्टूलवरूनच बोलले, की भक्ताच्या घरात कुणी अंडं खाल्लं असेल.

"मग तुमची गाडी मागं घेऊन दाखवा," सुनीती म्हणाली. "तिच्यात तर तुमचंच तेल असेल."

महाराज काही बोलायच्या आत सचिन बोलला. बिचारा घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस खरं बोलतो.

"नाई मॅडम, आमच्या गाडीत हे नाई टाकत," तो म्हणाला. "गिअरबॉक्स जाईल ना."

अच्युतच्या हातातला नारळ तसाच राहिला. मग हमालांतला एक जण बाह्या वर सारू लागला, आणि महाराज त्यांच्या वयाला न शोभणाऱ्या चपळाईनं पांढऱ्या गाडीत बसले. गाडीचं नाक मंडपात होतं. पुढं वाट नव्हती. अमावस्येला अजून बरेच दिवस होते. क्लचमुक्त महाराज सगळ्या भक्तांच्या डोळ्यांदेखत, रिव्हर्समध्ये, सरळ हमरस्त्यापर्यंत गेले. सचिन मागून पळत होता.

हिरालालभाऊंचा गिअरबॉक्स उघडावा लागला. त्याचं बिल त्यांनी कुणाला सांगितलं नाही, आणि आता त्यांच्यासमोर कुणी होळीचा विषय काढत नाही.

अच्युत त्या संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसला. मग म्हणाला, "तिचीच गाडी, मावशी, आन तिलेच इचारलं नाई मी." मी त्याला उरलेलं ताक दिलं.

सुनीतीच्या पिशवीतला तो डबा काय होता, हे मात्र सगळ्यांनी विचारलं. तो कंपनीचा नव्हता. दुसऱ्या एका बनवणाऱ्याचा होता, भाव बराच कमी. तिनं एवढंच केलं होतं, की गाडीसोबत आलेल्या पुस्तकात तेलाचा जो प्रकार लिहिला होता तोच प्रकार डब्याच्या मागं छापलेला आहे का, हे अक्षर न अक्षर जुळवून पाहिलं, आणि मेकॅनिकला दाखवून मगच घेतलं.

मला यात नवल वाटलं नाही. दवाखान्यात आम्ही हेच करत आलो. महागड्या नावाच्या गोळीऐवजी त्याच औषधाची स्वस्त गोळी देता येते, आणि खुशाल द्यावी. पण औषध तेच पाहिजे. रक्त सगळ्यांचंच लाल असतं, म्हणून कुणी कुणाच्याही बाटलीतलं कुणालाही चढवत नाही. स्वस्त शोधणं हा गुन्हा नाही, तो गरिबाचा आणि मध्यमवर्गाचा हक्क आहे. फक्त स्वस्त काय आणि भलतं काय, हे डब्यावरच्या फोटोला विचारू नका. डबा फिरवा आणि मागचं वाचा. काऊन म्हणून विचारा. ज्याला तुमच्या 'काऊन'चा राग येतो, त्याचं तेल घेऊ नका, मग ते डोक्याचं असो की गाडीचं.

सकाळी शाळेच्या वेळेला सुनीतीची गाडी अंगणातून निघते. आमच्या गल्लीत वळायला जागा नाही, म्हणून ती आधी मागंच घ्यावी लागते. मी ओट्यावर उभी राहून कुत्री हाकलते. ती काच खाली करून म्हणते, "येते मावशी," आणि एकाही झटक्याशिवाय गाडी मागं जाते, वळते, आर्वी रस्त्याला लागते.